दोनतोंडीचे डोळे

आमच्या घरातल्या एकाही मुखवट्याला डोळे नव्हते. नवा माणूस घरात पाऊल टाकायचा आणि दचकायचा. भिंतीवर ओळीनं राक्षस, खाष्ट सासू, पाटील, वाघ, आणि सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी पांढरी छुई माती फासलेली. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

वडील दंडारीची ही सोंगं बनवायचे. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं नाटक. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते तेव्हा ते रंगतं. वडिलांनंतर सोंगं मी बनवू लागलो. पोटासाठी मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरमागची नावं, लग्नघराच्या भिंतीवरचे गणपती. मग फ्लेक्स आले आणि माझ्या ब्रशला कुत्रं विचारेना. पण ते राहू द्या. फ्लेक्सवाल्यांचा विषय निघाला की मी शिव्यांवर येतो, आणि हे मी त्यांच्यासाठी लिहीत नाही. माझ्या बहिणीसाठी लिहितो आहे.

डोळ्यांचं कारण वडिलांची रीत. मुखवटा घरात घडवायचा, रंगवायचा, केस लावायचे, पण डोळे घरात काढायचे नाहीत. ते उघडायचे मांडवात, खेळाच्या दिवशी, नारळ फोडून. नटाला दिसायला भोकं नाकपुड्यांपाशी असतात, त्यामुळे डोळे शेवटपर्यंत नसले तरी अडत नाही. खेळ संपला की तिथल्या तिथं डोळ्यांवर छुई फासायची आणि आंधळा मुखवटा घरी आणायचा. उघड्या डोळ्यांचं सोंग घरात राहिलं तर ते घरातलं एक माणूस सोबत घेऊन जातं, असं वडील सांगत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना कोळशानं राक्षसाला बुबुळं काढली होती. वडिलांनी असा रट्टा हाणला की दोन दिवस कान वाजत होता. त्या दिवशी मला पोटाशी धरून बसली ती बाई.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिचा नवरा काविळीनं गेला, तेव्हा ती माहेरी आली ती आलीच. पुढं आई गेली, वडील गेले. माझं लग्न जमलं नाही. पेंटरला पोरगी कोण देणार, त्यात माझं तोंड असं फाटकं. शेवटी घरात आम्ही दोघंच उरलो, रोज भांडायचो आणि रोज एका ताटलीतल्या भाकरी तोडायचो.

सगळ्या सोंगांत बाईचं लाडकं सोंग दोनतोंडीचं. तिची गोष्ट आमच्या दंडारीत दरवर्षी व्हायची. एक बाई रोज एकटी जंगलात जायची. वाघ तिच्या मागावर होता. वाघ समोरून येत नाही, पाठ पाहून येतो, हे तिला ठाऊक. तिनं एका भोपळ्यावर तोंड कोरलं आणि डोक्याच्या मागं बांधलं. वाघ मागून आला, तर तोंड. फिरून पुढून आला, तर तोंड. असा दिवसभर तिच्याभोवती घिरट्या घालून दमला आणि शेवटी विचारता झाला, "बाई वं, तुही पाठ कुठी आहे?" ती म्हणाली, "मले पाठच नाई!" वाघ शरमला आणि निघून गेला. "मले पाठच नाई" आलं की अख्खा मांडव ओरडायचा. म्हाताऱ्या बाया शिट्ट्या मारायच्या, खोटं नाही सांगत.

दहा-बारा वर्षं दोनतोंडी मी केली. दंडारीत बायांची कामं पुरुषच करतात. मला ती चाल शिकवली बाईनं, अंगणात, मागून काठीनं टोचत. मान ताठ, पाठ ताठ, पाऊल तिरपं. माझ्यापेक्षा शंभर पट चांगली करायची ती. मी एकदा म्हणालो, "बाई, तूच कर ना." तर म्हणाली, "हो, आन् गाव मले जोड्यानं मारते. बायकायले दंडारीत कोन घेते रे?" हसत म्हणाली, पण तिला ती आस होती. मला माहीत होतं.

यंदा होळीच्या आधीच आमच्या भागात वाघ सुरू झाला. सुरू झाला, असंच म्हणतो आम्ही, पाऊस सुरू झाल्यासारखं. पलीकडच्या गावची एक बाई सरपणाला गेली, ती आली नाही. आता वाचणारा म्हणेल, मग जंगलात जाऊ नये. आला मोठा सांगणारा! मोहाचं फूल का आपल्या सोयीनं गळतं? फागुन-चैतात तीन-चार हप्ते, पहाटे पहाटे फुलं टपटपतात. उन्हं चढायच्या आत वेचून आणावी लागतात, नाहीतर गुरं-हरणं खाऊन जातात. आमच्या गावच्या बाया पिढ्यानपिढ्या ठरल्या झाडाखाली जातात. बाईचं झाड नाल्याच्या पलीकडं होतं, आईकडून तिच्याकडे आलेलं.

जंगलखात्याचा गार्ड गावात आला. पोरगा चांगला होता. बायांना बोलावून सांगितलं, एकटं जाऊ नका, बोलत राहा, आणि डोक्यामागं मुखवटा लावा, वाघ तोंड पाहून बिचकतो. त्यानं प्लास्टिकचे मुखवटे वाटले. गुलाबी गालांचा, मिश्यावाला, दात काढून हसणारा माणूस. सगळ्यांना तोच एक.

बाईनं तो आणून माझ्यापुढं टाकला. "हा कोन मेला मायाकडं पाहून हासून राह्यला? याले मी पाठीवर घेऊन हिंडू?" मग जरा वेळानं, चुलीपाशी बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मले दोनतोंडी करून दे."

जुनी दोनतोंडी उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली होती. दिवाळीपर्यंत नवी करायचीच होती. मी म्हटलं, बरं. कामाला लागलो आणि खरं सांगतो, कित्येक वर्षांत इतकं जीव लावून काही केलं नव्हतं. रद्दी दोन दिवस भिजवली, उखळात कुटून लगदा केला. त्यात मेथीचं पीठ, धावड्याचा डिंक आणि किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. मडकं उपडं घालून त्याच्या पोटावर लगदा थापला. नाक उचललं, गाल भरले, हनुवटी काढली. तीन उन्हं दिली. मग पॉलिश पेपरनं घासून छुईचा हात, त्यावर गेरू आणि हळद कालवून कातडीचा रंग. अंबाडीचे केस काळे करून लावले. बाई जाता-येता नाक खुपसायची. "नाक किती मोठं केलं रे! माह्यं असं आहे का?" मी म्हणायचो, "तुह्यं याच्याहून मोठं आहे, आरशात पाह्य." असं चालायचं. घर भरल्यासारखं वाटत होतं तेव्हा.

बुधवारी मुखवटा पुरा झाला. डोळे सोडून.

आता डोळे घरात काढायचे नाहीत, आणि मंडईला तर सात महिने. मी आडमार्ग काढला होता. मारुतीच्या पारावर नारळ फोडायचा आणि दंडारीच्या म्होरक्यासमोर डोळे उघडायचे, म्हणजे रीतही राहील. म्होरक्या म्हातारा गेला होता लेकीकडे नागभीडला, शनिवारी येणार होता. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न.

संध्याकाळी बाईनं आरशासमोर मुखवटा डोक्यामागं धरून पाहिला. "अरे, डोळे?"

"शनिवारी."

"उद्या मले मोहाले जाचं आहे."

"मंग उद्या प्लास्टिकवाला लाव."

"तो मी शेजारनीले देऊन टाकला. काढ ना रे डोळे. दोन ठिपके तं द्यायचे आहे, येवढं काय त्याचं?"

मी भडकलो. माझं डोकं असंच आहे, सुक्या पऱ्हाटीसारखं भुर्रकन पेटतं. म्हटलं, वडिलांच्या हातचा रट्टा मी खाल्ला आहे, तू नाही. घरात डोळे काढणार नाही म्हणजे नाही. ती म्हणाली, "आंधळ्या बाईले वाघ भेते का रे, बाप्पा?" त्यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "तोंड आहे ना? झालं तं मंग. वाघाले काय समजते डोळे का फोळे."

मला भीती कशाची होती, तेही लिहूनच टाकतो. घरात ती आणि मी, दोघंच. डोळे उघडले आणि मुखवट्यानं माणूस नेलं, तर दोघांतलंच एक जाईल. मला ती जायला नको होती, म्हणून मी डोळे काढले नाहीत.

गुरुवारी सकाळी मीच तिच्या डोक्यामागं मुखवटा बांधला. सुतळीची गाठ मीच मारली. ती टोपली घेऊन गल्लीत निघाली. शेजारीण आणि दोघी-तिघी जमल्या होत्या. त्यांना पाहून बाईला काय सुचलं कोण जाणे, एकदम मान ताठ केली, पाठ ताठ, पाऊल तिरपं, आणि गल्लीच्या मधोमध दोनतोंडीची चाल चालली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत. वळणावर थांबून मोठ्यानं ओरडली, "मले पाठच नाई!" बाया पोट धरधरून हसल्या. मी दारातून ओरडलो, "चाल, निघ आता, नाटकं पुरे." मलाही हसू आलं होतं, पण कालचा राग दाखवायचा होता ना.

नऊच्या सुमाराला आरडाओरडा ऐकू आला. मी ब्रश धूत होतो. तिथपासून नाल्यापर्यंत मी कसा गेलो ते आठवत नाही, पायात चप्पल नव्हती एवढं नंतर कळलं. बाया काठ्या आपटत होत्या, ओरडत होत्या, त्यांच्या ओरडण्यानं वाघ तिला सोडून गेला होता. पण मान गेली होती. मोहाच्या झाडाखाली टोपली अर्धी भरलेली, फुलं सांडलेली. मुखवटा जरा बाजूला पडला होता, उताणा. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. माझी गाठसुद्धा सुटली नव्हती, सुतळीच तुटली होती.

पुढचे दिवस मी सांगणार नाही. लोक आले, बसले, गेले. म्होरक्या नागभीडहून आला, पाटावर बसून रडला. मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच घण पडत होता. दोन ठिपके. फक्त दोन ठिपके द्यायचे होते. मी दिले असते तर वाघानं डोळे पाहिले असते, बिचकला असता, बाई घरी आली असती आणि नाकावरून मला शिव्या घातल्या असत्या. हे मी कुणालाच बोललो नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, नशीब.

आठव्या दिवशी गार्ड कागदांवर सही घ्यायला आला. भिंतीला टेकवलेला मुखवटा त्यानं पाहिला, बराच वेळ पाहिला. माझ्या तोंडाकडे बघून त्याला काही कळलं असावं. म्हणाला, "भाऊ, एक सांगतो. मुखवट्यानं काही झालं नसतं. त्या वाकल्या होत्या. मोह वेचताना मानूस वाकते. वाकलेलं मानूस वाघाले मानूस वाटतच नाई, गुरासारखं दिसते."

मला वाटलं, हा मला समजावतो आहे. तोंडातल्या तोंडात शिवी हासडली मी. तो गेला. पण वाकल्या होत्या हा शब्द काही डोक्यातून जाईना. मी उठलो, मुखवटा माझ्याच डोक्यामागं बांधला आणि शेजारणीला हाक मारली. त्या दिवशी बाईच्या बाजूच्या झाडाखाली होती ती. म्हटलं, "पाह्य, मी वाकतो. सांग हे तोंड कुठी पाहते." आणि अंगणात मोह वेचतात तसा वाकलो.

मी ओरडलो, "अवं सांग ना!"

"आभाळाकडं पाहून राह्यलं, भाऊ," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मी तसाच वाकलेला राहिलो. जमिनीवर मोहाची दोन-तीन सुकलेली फुलं होती, ती दिसत होती. डोळे असते तरी आभाळच पाहिलं असतं त्यांनी. इतकी वर्षं आम्ही ती गोष्ट खेळलो, माझे वडील, मी, आणि एकाच्याही टाळक्यात आलं नाही की दोनतोंडी आख्ख्या खेळात एकदाही वाकत नाही. मान ताठ, पाठ ताठ. कशी वाकेल? तिचं काम पुरुष करत होते. मोह वेचायला पुरुष वाकतात कधी? बाईला मी विचारलं असतं तर तिनं एका दमात सांगितलं असतं. ती पन्नाशीपर्यंत वाकलीच होती, धानाच्या रोवण्यात, मोहात, तेंदूत, चुलीपुढं. आणि मी तिच्याशी डोळ्यांवरून भांडत बसलो. तेव्हा मला रडू आलं. अंगणात, वाकलेला, डोक्याला बाईचं तोंड बांधलेला घोडा मी, ढसाढसा रडलो. शेजारीण बिचारी पाणी घेऊन आली.

माझा गुन्हा कमी झाला, असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. फक्त तो दुसऱ्या जागी सरकला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी शेजारीण दारात उभी. म्हणाली, "भाऊ, राग नको मानजो. मोह अजून पडून राह्यला. पुढं तेंदूपत्ता आहे. मले एक करून दे." ज्या झाडाखाली हे झालं त्याच्या शेजारच्या झाडाखाली ती परत जाणार होती. जाणारच होती, मुखवटा असो नसो.

मी मडकी काढली. आता मुखवटा डोक्यामागं नाही, कमरेमागं. वाकल्यावर मागं तोंड करते ती कमर. मी बसका, चपटा घाट केला, आतून बांबूच्या कामट्या, बांधायला जुन्या लुगड्याचा पट्टा. पहिल्यांदा शेजारणीनं बांधला तेव्हा बाया दारात जमल्या आणि एकीनं विचारलं, "अगा मायवं, ढुंगनाले तोंड?" आणि सगळ्या फुटल्या. बाई गेल्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. मीही हसलो आणि हसताना वाटलं, बाई असती तर तिनं यावर आठवडाभर मला जगू दिलं नसतं. मग म्हटलं, वाका. सगळ्या वाकल्या. तोंड बरोब्बर मागं बघत होतं.

हे कामाला येतं का? मला काय माहीत! वाघाला विचारायला कोण गेलंय? आमच्या गावात त्यानंतर कुणी गेलं नाही. शेजारच्या गावात गेलं, तिथं मुखवटे नव्हते. त्यावरून मी काही ठरवत नाही. गार्ड म्हणाला, बनवत राहा. मी बनवतो. आता मूल तालुक्याच्या बाजूनंही बाया येतात.

आणि डोळे मी घरातच काढतो. पारावर नेत नाही, शनिवारची वाट पाहत नाही, नारळ नाही. मुखवटा सुकला की पहिलं काम डोळे. मोठे काढतो, पांढऱ्यात काळं गच्च भरून. पहिले डोळे काढले ते बाईच्या मुखवट्याला, तिच्या तेरवीच्या सकाळी, तिच्या जागेवर चुलीपाशी बसून. एक डोळा जरा तिरपा झाला. तो तसाच ठेवला.

म्होरक्याच्या कानावर गेलं तेव्हा तो काठी टेकत आला. भिंतीवर सुकायला लावलेली वीस-बावीस तोंडं, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे, सगळी दाराकडं बघताहेत. म्हातारा उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, "अरे, हे काय करून राह्यला? तुह्या बापानं किती सांगितलं तुले. डोळे उघडे ठेवले तं हे घरातलं मानूस नेतात."

मी हातातला ब्रश खाली ठेवला नाही. एका मुखवट्याचा उजवा डोळा राहिला होता.

"नेऊ द्या," मी म्हटलं. "घरात आता मी एकटाच आहो."